बिराजदार सरांच्या गाठी

"मॅडम, तिथूनच बघून सांगा, माझी मान उजवीकडून जाड दिसते का डावीकडून?"

बिराजदार सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. लातुरातल्या बारावी-मेडिकलच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायला रुजू झाले, त्या दिवशीची गोष्ट. नांदेडहून बसनं आले होते, डोक्यात अजून रस्त्यावरचे खड्डे घुमत होते. शिक्षकांच्या खोलीत एक खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसले, तर समोर पन्नाशीचे एक गृहस्थ. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि उजव्या हाताची दोन बोटं जबड्याखाली खुपसलेली. आधी वाटलं, गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा सारखा करतायत. पण दोऱ्याशी त्या बोटांचा काही संबंध नव्हता.

"दोन्हीकडून सारखीच दिसते," मी म्हणाले.

"घाई करू नका. निवांत बघा."

मी निवांत बघितलं. "उजवीकडून… किंचित."

त्यांचा चेहरा असा उतरला, की मी घाबरून म्हणाले, "नाही नाही, डावीकडूनसुद्धा तेवढीच आहे!"

"म्हंजे दोन्हीकडं हाय," असं म्हणून त्यांनी खडू उचलला आणि तासाला निघून गेले. पलीकडून फिजिक्सचे देशमुख सर हसत म्हणाले, "मनावर घेऊ नका मॅडम. तुम्ही नवीन आहात, म्हणून विचारलं. आमची मतं घेऊन झालीत."

दोन दिवसांनी कळलं, सरांची खालची दाढ किडली होती, तिच्यामुळं जबड्याखाली गाठ आली होती. ती काढली आणि आठवडाभरात गाठही गेली. सरांनी काढलेली दाढ कागदाच्या पुडीत आणून आम्हाला दाखवली. चोर पकडून आणावा तशी.

मन्मथ बिराजदार. चाकूरचे. रोज सकाळी चाकूरहून एसटीनं लातूरला यायचे आणि संध्याकाळी एसटीनंच परत जायचे. क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलं त्यांना समोर 'बिराजदार सर' म्हणायची आणि पाठीमागं 'गाठ सर'. त्यांना ते माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी 'गाठ सर' असं लिहून ठेवलं, तर त्यांनी 'गाठ' खोडून शेजारी 'लसिका ग्रंथी' असं लिहिलं आणि म्हणाले, "परीक्षेत हे लिहा. गाठ लिहिलं तर मार्क मिळायचे न्हाईत."

लसिका ग्रंथींचा धडा शिकवावा तर त्यांनीच. बाकीचे शिक्षक तो अर्ध्या तासात उरकत. सर दोन दिवस घ्यायचे. फळ्यावर पहिल्यांदा लातूरच्या बाजारातली गंजगोलाई काढायचे, मधे गोल आणि चौफेर सुटलेले रस्ते. मग प्रत्येक रस्त्यावर एक छोटी चौकोनी खोली. "ही पोलीस चौकी. आपल्या अंगात अशा शेकडो चौक्या हायत. मानेत, काखेत, जांघेत, पोटात. रस्त्यानं कुणी जंतू आला की चौकीवर अडवतात. धरपकड झाली की चौकीत गर्दी होते, चौकी फुगते, आन् तुम्ही आरशापुढं उभं राहून रडता, सर, मला गाठ आली. अरे, चौकी फुगली म्हंजे भांडण चौकीत न्हाई. भांडण गावात हाय! आधी गाव शोधा."

मग गावं. जबड्याखालची चौकी फुगली तर दात, हिरड्या, घसा बघा. कानामागची फुगली तर डोकं बघा. काखेतली फुगली तर हात बघा, बाईमाणूस असेल तर छातीही तपासून घ्या. जांघेतली फुगली तर पाय बघा. पोरं गोलाईच्या दुकानांसारखी ही यादी पाठ करायची.

आणि शेवटी सरांचे चार प्रश्न. दुखते का? बोटाखाली हलते का? किती दिवसांपासून हाय? आणि चौथा, आवाज चढवून, "मालक डॉक्टरकडं कधी गेले होते?" यावर म्हणायचे, "दुखणारी गाठ बरी. ती स्वतःहून सांगते. न दुखणारी गाठ गप बसते, म्हणून तिच्यासाठी आपण तोंड उघडायचं. तीन-चार आठवडे झाले तरी जाईना, वाढून राहिली, दगडागत टणक लागते, संगं ताप, वजन उतरलं, झोपेत घामानं बनियन भिजलं, तर घरचे लेप-बिप बाजूला ठेवायचे आन् दवाखाना गाठायचा. घाबरायचं न्हाई. दाखवायचं."

घाबरायचं नाही, हे त्यांनी सांगावं! वर्षातून चार-पाच वेळा तरी सरांना एखादी गाठ सापडायची आणि त्या आठवड्यात ते आवराआवर सुरू करायचे. देशमुखांना सांगून ठेवायचे की माझ्या वनस्पतीशास्त्राच्या नोट्स तुम्ही घ्या. मला एकदा त्यांनी त्यांची छत्री दिली. "वापरा. मला आता पावसाळ्यापर्यंत काय सांगता येत न्हाई." ती सर्दी होती. छत्री मी चौथ्या दिवशी परत केली.

एकदा सोमवारी लंगडत आले. खुर्चीत हळूच बसले. मग देशमुखांना बाजूला घेऊन कुजबुजले. देशमुखांचा आवाज मुळात मोठा, त्यामुळं खोलीतल्या सगळ्यांना कळलं की सरांना जांघेत लिंबाएवढी गाठ आली आहे. सरांनी त्या दिवशी तीन तास घेतले आणि तिन्ही तासांत 'मी असेन, नसेन' हे शब्द आले. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांच्या आईनं, ऐंशीच्या पुढच्या होत्या त्या, अंगणातूनच विचारलं, "लंगडून का राहिलास रे?"

"काही न्हाई, आई."

"पाय दाव."

"आई, पायाला काय न्हाई झालं. दुसरंच हाय."

"दाव म्हनलं की दाव."

म्हातारीनं तळवा उजेडाकडं धरला. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, भोवती पू. रविवारी शेतात भावाला बांध घालू लागायला गेले होते, तेव्हाचा. "अवधान आलंय तुला," म्हातारी म्हणाली. पायाच्या जखमेनं जांघेत येणाऱ्या गाठीला तिकडं अवधान म्हणतात. "येवढी पोरं डाक्टर केलीस, आन् सोताचा पाय बघता यीना व्हय?"

ही हकीकत सरांनी आम्हाला स्वतः सांगितली, आणि पुढच्या वर्षीपासून धड्यात घातली. आपली फजिती वर्गाला सांगताना त्यांना कसलाच संकोच नसे. पोरं हसली की म्हणायचे, "हसा. पण पेपरात जांघेतली ग्रंथी आली की माझी टाच आठवंल तुम्हाला." खरंच आठवायची म्हणे.

पण दुसऱ्याची गाठ समोर आली की हाच माणूस बर्फासारखा थंड व्हायचा. देगलूरची एक मुलगी होती आमच्याकडं, हुशार, अबोल. एक दिवस मधल्या सुट्टीत ती रडत खोलीत आली. दोन्ही कानांच्या मागं, मानेपर्यंत बारीक बारीक गाठी. तिनं मोबाईलवर शोधलं होतं आणि मोबाईलनं तिला जे दाखवलं ते वाचून तिनं घरी फोन केला होता. आई-वडील देगलूरहून निघण्याच्या तयारीत होते. वडील फोनवर रडले, म्हणून ही आणखी रडत होती.

सर खुर्चीतून उठले नाहीत. एवढंच विचारलं, "डोक्यात खाजतंय का, बाळ?"

तिनं मान खाली घातली.

सर मला म्हणाले, "मॅडम, हिला आत घेऊन जा. केस जरा बाजूला करून बघा." आणि स्वतः दार ओढून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी बघितलं. उवा झाल्या होत्या, खाजवून खाजवून डोक्यात फोड झाले होते आणि ते चिघळले होते. दुसरं काही नाही.

बाहेर येऊन मी सांगितलं. सरांनी तिच्या वडिलांना फोन लावला. "डोक्याच्या कातडीला संसर्ग झालाय, मालक. त्यानं गाठी आल्यात. आज डॉक्टरला दाखवून औषध आणतो. तुम्ही यायची गरज न्हाई." उवांचा 'उ'सुद्धा त्यांनी काढला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोक्याला लावायला औषध दिलं. सरांनी हॉस्टेलच्या बाईंना सांगितलं, की उन्हाळ्यात डोक्याला संसर्ग होतो, तेव्हा सगळ्याच मुलींना हे औषध लावा. सगळ्या हॉस्टेलनं एका रविवारी डोकी धुतली. कुणामुळं, ते कुणालाच कळलं नाही. तीन आठवड्यांत त्या मुलीच्या गाठी बसल्या. पुढं तिला मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा पेढे घेऊन आली होती. सरांच्या पाया पडायला वाकली, तर ते मागं सरकून म्हणाले, "आधी मॅडमच्या पड. मी काय, दाराबाहेर उभा होतो."

आता रजियाआपांचं सांगते. क्लासच्या मागच्या गल्लीत आपा मेस चालवायच्या. चाळीसेक मुलांचे आणि आम्हा शिक्षकांचे डबे त्यांच्याकडचे. आपांच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर सरांचं विशेष प्रेम. ते कट्टर शाकाहारी, म्हणून आपा त्यांचा डबा वेगळ्या भांड्यात करायच्या आणि झाकणावर खडूनं फुली मारायच्या. डबा परत द्यायला सर स्वतः जायचे. एके दिवशी परत आले ते गंभीर होऊन.

"आपांच्या मानेत गाठ हाय," मला म्हणाले. "पदर सरकला तेव्हा दिसली. एक न्हाई, माळ हाय. म्हाताऱ्या माणसांनी बघितलं असतं तर गंडमाळ म्हनले असते."

त्यांनी आपांना चार प्रश्न विचारले. दुखत नाही. थोडी हलते. चार-पाच महिने झाले. डॉक्टर? आपा हसल्या. "मेरेकू कुछ नै हुआ सर. संध्याकाळी जरा कणकण वाटते, बस. चाळीस पोरांचा स्वयंपाक टाकून मी दवाखान्यात जाऊन बसू का?"

सर रोज सांगायचे, आपा रोज हसायच्या. आठवडाभर हे चाललं. मग एका गुरुवारी सरांनी जाहीर केलं, "आपा, उद्या तुमच्या स्वयंपाकाला आम्ही हावत. मी आन् देशमुख. तुम्ही मॅडमसंगं दवाखान्यात जायचं."

"तुम्हाला काय येतं, सर?"

"खिचडी येते."

येत नव्हती. मी आपांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथं सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासायला दिलं, छातीचा फोटो काढला. दुपारी परत आलो, तर गल्लीच्या तोंडालाच करपल्याचा वास. चाळीस मुलं ताट घेऊन गप बसलेली. देशमुखांच्या हाताला फडकं बांधलेलं. सर पातेल्यात डोकं घालून खरवडत होते. आपांनी ते पातेलं बघितलं आणि जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "आता मरायची सोय राहिली नाही. माझ्या मागं पोरं उपाशी मरतील."

निदान टीबीचं आलं. गाठीचा टीबी. छाती साफ होती. सहा महिने गोळ्या, सरकारातून फुकट. मला हायसं वाटलं, पण खरी अडचण पुढंच होती. टीबी हा शब्द दोन दिवसांत गल्लीभर झाला. एका पालकानं फोन केला, मग दुसऱ्यानं. आमच्या संचालकांनी शिक्षकांना बोलावलं आणि म्हणाले, मेस बदलायची, दुसरीकडं बोलणं झालंय.

सर उभे राहिले. मी त्यांचा चढलेला आवाज त्याआधी फक्त चौथ्या प्रश्नाला ऐकला होता.

"सर, तुम्ही काय करून राहिलात हे कळतंय का तुम्हाला? फुफ्फुसाचा टीबी खोकल्यातून पसरतो. ह्यांचं फुफ्फुस साफ हाय, फोटो काढलाय. मानेतल्या गाठीतला टीबी भाकरीतून कसा जाईल? हेच मी वर्गात शिकवतो. वर्गात एक शिकवायचं आन् मागच्या गल्लीत दुसरं वागायचं?"

"पालकांना कोण समजावणार?"

"मी समजावतो. आपांचा डबा बंद झाला तर माझा तास बंद."

संचालक म्हणाले बघू. सरांना 'बघू' हा शब्द सोसत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ऑफिसच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांच्या पायात, सतरंजी टाकली आणि आपांचा डबा उघडून जेवायला बसले. कुणी विचारलं की घास खाली ठेवून गंजगोलाईपासून सुरुवात. पाच दिवस हे चाललं. आम्हीही एकेक करून त्या सतरंजीवर येऊन बसलो. सात पालकांनी मुलांचे डबे बंद केले. त्यातली चार मुलं महिनाभरात परत आली, बाकीच्या मेसची भाजी खाऊन. संचालकांनी विषय सोडून दिला.

दोन महिन्यांनी आपांची गाठ कमी व्हायच्या ऐवजी थोडी वाढलीच. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्वतः दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटले. डॉक्टर म्हणाले, उपचार लागू पडत असताना असं कधीकधी होतं, गोळ्या सोडू नका, मी लक्ष ठेवतो. सर परत आले ते शीळ घालत. सहा महिने रोज सकाळी बसमधून उतरले, की क्लासमध्ये यायच्या आधी मेसच्या दारातून ओरडायचे, "आपा, गोळी?" आतून आवाज यायचा, "खाल्ली, सर!" मगच ते पुढं जायचे.

आपा बऱ्या झाल्या. मानेवर एक बारीक वण तेवढा राहिला.

त्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, परीक्षेला महिना राहिला असताना आपा एक दिवस डबा द्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ आल्या. दार लोटून हळू म्हणाल्या, "मॅडम, सर गर्दनकू हात लगाना छोड दिये."

"म्हणजे?"

"पंधरा-वीस दिवस झाले. बघा तुम्ही. हात लावतच नाहीत. डबा पण अर्धा परत येतो. आन् ह्या उन्हात कॉलरचं बटण लावून बसतात."

मी बघितलं. लातूरचा एप्रिल म्हणजे पंख्याखाली बसून माणूस भाजतो, आणि सर गळ्यापर्यंत बटण लावून. गाल बसलेले. दोन बोटं टेबलावर, पेनाशी चाळा करत. मी विचारलं, बरं आहे ना? म्हणाले, "उन्हाळ्याचं जेवण जात न्हाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तब्येतीबद्दल चार शब्दांत उत्तर दिलं होतं.

खोलीत कुणी नाही असं बघून मी सरळच विचारलं, "सर, कुठं आहे?"

त्यांनी कॉलरचं बटण काढलं. मानेच्या बुडाशी, हाडाच्या वर, अंड्याएवढी गाठ. लांबूनसुद्धा दिसत होती.

"दुखत न्हाई," ते म्हणाले. "दीड महिना झाला. रोज घाम येतो, चादर बदलावी लागते. आमच्या घरातून विचारतात, तर मी उकाड्यावर ढकलतो. तुम्हाला सांगतो मॅडम, आजवर मी प्रत्येक गाठीला घाबरलो. ही आल्यावर घाबरायची हिंमतच झाली न्हाई."

"मग दाखवलं का नाही?"

"परीक्षा होऊ द्या. दोनशे पोरं हायत माझी. नंतर बघू."

बघू म्हणाले! मी काय बोलणार होते, सगळं बोलणं तर त्यांचंच होतं. मी देशमुखांना सांगितलं, देशमुखांचं हातापाया पडून झालं, सरांचं एकच, परीक्षा होऊ द्या. शेवटी आपांनी डबा बंद केला. दुपारी सर डब्याची वाट बघत बसले. डबा आला नाही. मेसवर गेले तर आपा ओट्याशी पाठ करून उभ्या. "दवाखान्याचा कागद आणा, डबा घेऊन जा."

"आपा, चटणी तरी द्या."

"कागद."

मुलं बघत होती. दोन दिवस सरांनी केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी महानंदावहिनी, सरांच्या पत्नी, चाकूरहून लातूरला आल्या. आपांनी त्यांचा नंबर मिळवून फोन केला होता. वहिनी सरांना काही बोलल्या नाहीत. ऑटो दारात उभा करून आत आल्या, सरांची पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन ऑटोत बसल्या. पिशवीत चष्मा होता. सरांना जावंच लागलं.

सुईनं नीट कळलं नाही, म्हणून डॉक्टरांनी पूर्ण गाठच काढून तपासायला पाठवली. अहवाल यायला दहा दिवस. त्या दहा दिवसांत सर मानेला पट्टी बांधून वर्गात उभे राहिले आणि उरलेला अभ्यासक्रम संपवला. कुणीही सांगितलं नव्हतं, तरी दोनशे पोरांत खोकल्याचासुद्धा आवाज नसायचा.

अहवालात लसिका ग्रंथींचाच कॅन्सर आला. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, की हा प्रकार औषधाला चांगली दाद देतो, पण उशीर नको. सहा महिने, दर पंधरा दिवसांनी केमोचं सलाईन. सर बाहेर आले, बाकावर बसले. वहिनी शेजारी, मी उभी. सर म्हणाले, "महानंदा, मला भूक लागली."

ते सहा महिने सोपे गेले नाहीत. केस गेले, भुवया गेल्या. उलट्यांनी माणूस निम्मा झाला. दोनदा ताप चढून भरती करावं लागलं, आणि दुसऱ्या खेपेला वहिनींनी आम्हाला फोन केला तो बोलायला नव्हे, नुसता रडायला. पण बरं वाटलं की सर क्लासला यायचे. टक्कल झाकायला कधी टोपी घातली नाही. कपाळ आणि डोकं एक झाल्यावर म्हणाले, "भस्माला जागा वाढली." सलाईनच्या खोलीत शेजारच्या खाटांवरच्या लोकांना गंजगोलाई समजावून सांगायचे. एकदा नर्सनं दम दिला, "काका, तुमचा आवाज खाली करा, पेशंट झोपलेत." तर पलीकडचा पेशंट म्हणाला, "राहू द्या की सिस्टर, जांघेपर्यंत आलेत."

दिवाळीच्या सुमारास शेवटचं सलाईन झालं. तपासणीत काही शिल्लक दिसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन महिन्यांनी येत राहा. केस परत आले ते कुरळे आले, काळे-पांढरे. सर आरशात बघून म्हणायचे, "हे कुणाचे हायत?"

आणखी एक वर्ष त्यांनी शिकवलं, मग क्लास सोडला. मुलगी नांदेडला शाळेत शिक्षिका आहे, तिच्याकडं राहायला गेले. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले आणि आभारांचं सोडून सगळं बोलले.

गेल्या हिवाळ्यात मी नांदेडला माहेरी गेले होते. परतताना बसस्टँडवर उभी होते. उमरीची गाडी लागली आणि माणसं दारावर तुटून पडली. त्या गर्दीच्या बाजूला एक माणूस टाचा उंचावून खिडकीतून टॉवेल आत टाकत होता. पांढरा शर्ट, कुरळे केस. मी हाक मारणार, तेवढ्यात आतल्या एका जाड्या माणसानं तो टॉवेल उचलून पुढच्या सीटवर ठेवला आणि जागेवर बसला.

"ओ मालक!" सर खालून गरजले. "टॉवेल दिसंना का तुम्हाला?"

"टॉवेलला तिकीट हाय का?"

"हाय की! हे बघा, तिकिटाला पैसे धरून उभा हाय मी!"

भांडण रंगलं. लोक थांबून ऐकू लागले. सर गर्दीतून कोपरं मारत आत चढले, खिडकीत दोघं समोरासमोर आले, आवाज आणखी वाढले. मग मधेच कुठलं तरी आडनाव निघालं आणि दोघंही एकदम थांबले. जाड्या माणसाचे व्याही सरांच्या साडूच्या गावचे निघाले होते. तो सरकला. सर बसले. खिडकी त्यांनाच मिळाली.

तेव्हा त्यांना मी दिसले. "मॅडम! उमरीला चाललो! भाच्याचा साखरपुडा हाय! तुम्ही इथं काय करून राहिलात?" मी सांगायला लागले, पण ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि काही ऐकू येईना. गाडी मागं घ्यायची होती आणि मागं दोन गाड्या आडव्या लागल्या होत्या. कंडक्टर तिकिटात गुंतलेला. सरांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं, मागं बघितलं आणि हातानं पत्र्यावर थाप मारत ड्रायव्हरला सांगायला लागले, "येऊ द्या… येऊ द्या… लई जागा हाय, येऊ द्या…"

"ओ काका, डोकं आत घ्या!" कंडक्टर ओरडला.

"थांब रे जरा! हां, मारा आता, मारा उजवीकडं!"

गाडी वळली आणि फाटकातून बाहेर पडली. मागं काहीच उरलं नव्हतं, समोर सगळा रस्ता मोकळा होता, तरी पत्र्यावर थाप पडतच होती.